अठरा फुटांचा भोंडला

साथ सुरू झाल्यापासून आमच्या नगरपालिकेने प्रत्येक नागरिकाला सहा फूट अंतर दिलेले आहे. ते शिधापत्रिकेवर मिळते, वापरून झाल्यावर घडी करून कपाटात ठेवावे लागते आणि ओलसर राहिल्यास आकसते.

आमच्या आळीतील निर्मलाताई खांबेटे यांना मूत्रपिंड बदलल्यापासून डॉक्टरांनी अठरा फूट अंतर लिहून दिले होते. त्यांच्याजवळ सहाच होते. त्यामुळे सलग तीन वर्षे त्यांनी भोंडला खिडकीतून पाहिला. यंदा घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी खिडकीच लावून घेतली. तेव्हा आम्ही चोवीस जणींनी प्रत्येकी अर्धा फूट देण्याचे ठरवले आणि मी रीतसर अर्ज घेऊन कचेरीत गेले.

“अंतर फक्त नातेवाइकांना देता येतं,” लेखनिक दाभाडे म्हणाले. “नातं काय लिहू?”

“शेजार.”

“तसा रकाना नाही, बाई.”

“मग आखा.”

“पट्टी नाही.”

मी शाळेच्या पिशवीतून पट्टी काढून दिली. रकाना किंचित तिरका आला. मी तो पुन्हा आखायला लावला. त्यांनी शिक्का मारला. मुदत सात दिवसांची मिळाली.

दुपारपर्यंत चोवीस तुकडे जमले. मी ते दुहेरी दोऱ्याने जोडले आणि निर्मलाताईंच्या दाराशी ठेवून मागे सरले.

सर्व बाजूंनी अठरा फूट मिळेल अशी जागा एकच असते: फेराचा मध्यबिंदू. तिथे पाटावर हत्ती काढलेला होता. आम्ही पाट सरकवून खुर्ची मांडली.

“हत्तीच्या जागी मला बसवता होय गं?” निर्मलाताई अंतर सावरत म्हणाल्या. “तेवढं वजन राहिलं नाही आता माझं.”

“आवाज राहिलाय ना? मग पुरे,” समोरून शकूवहिनी ओरडल्या.

फेर धरताना एक गोष्ट लक्षात आली. सहा फुटांवर आमचे हात एकमेकींपर्यंत कधीच पोचत नसत. साडेपाच फुटांवर मात्र हातरुमालाची दोन टोके दोघींना नीट धरता येत होती. तीन वर्षांनंतर प्रथमच फेर खरोखर जोडला गेला. निर्मलाताई सांगतील ते गाणे आम्ही म्हटले. त्या दोनदा चुकल्या. मी चुका सुधारल्या नाहीत.

शेवटी खिरापत ओळखण्याची वेळ आली. मी डबा वाजवला.

“लाडू?” कुणीतरी विचारले.

“गप्प बसा, मला ऐकू द्या,” निर्मलाताई डोळे मिटून म्हणाल्या. “पुन्हा वाजवा, बाई.”

मी पुन्हा वाजवला.

“शंकरपाळ्या. तिखटमिठाच्या. आणि यंदाही कडक झाल्यात.”

उत्तर अचूक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गच्चीत सगळे अंतर स्वच्छ धुऊन दोरीवर वाळत घातलेले दिसले. आता मुदत संपून दोन आठवडे झाले आहेत. आपला तुकडा मागायला अद्याप कुणीही गेलेले नाही.