सूर्यफूल मॅन्शनमधला पाचवा माणूस

माणसाने निसर्गाप्रमाणे राहावं, हे सर्वांना मान्य आहे. अडचण एवढीच की निसर्गाला गणित येतं आणि माणसाला येत नाही. ही उणीव फुनाबोरी या जपानी उपनगरातल्या आमच्या सूर्यफूल मॅन्शनने भरून काढली आहे.

ही आठ मजली इमारत सूर्यफुलाच्या बियांच्या मांडणीवर बेतलेली आहे. एकही भिंत सरळ नसल्यामुळे कपाट कुठेच टेकत नाही. ते आम्ही मधोमध ठेवून त्याला प्रदक्षिणा घालून कामावर जातो. पायऱ्या, खिडक्या, दोरीवरचे कपडे, सगळं एकाच मालिकेत: एक, दोन, तीन, पाच, आठ. मागच्या दोहोंची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. चारला जागा नाही. (मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या असतात, म्हणून कुंडीत मोहरी लावायला बंदी आहे. फोडणीला चालते.)

यंदा एप्रिलपासून हा नियम माणसांनाही लागू झाला. व्यवस्थापक मोरी-सान दारात कमरेपर्यंत वाकले आणि दिलगिरीने म्हणाले, "हरीश-सान, आपण चौघे आहात."

मी, शमा, ओवी आणि ओजस. घर सोडायचं तर मुलांची शाळाही सुटणार. एक माणूस कमी करण्याचा पर्याय पाच मिनिटं चर्चेत होता. (मतदान झालं. मला तीन मतं पडली.)

मग मला पुण्यातली आई आठवली. गेली सहा वर्षं ती "येऊ का रे?" विचारायची आणि मी "घर लहान आहे गं" म्हणायचो. आता पूर्वेच्या खिडकीपाशी तिच्या गादीपुरती जागा लगेच निघाली.

आई आली आणि इमारतीची लय साधली. मोरी-सान दर रविवारी येऊन आम्हाला मोजत आणि डोळे पुसत. व्हिसा नव्वद दिवसांचा होता. पण मालिकेत एकोणनव्वद येतो, नव्वद नाही, म्हणून तिचं तिकीट एक दिवस आधीचं काढलं.

"मी गेले की तुमचं कसं रे होणार?" आई विचारत राहिली.

सोसायटीच्या सभेने वेळीच दुरुस्ती केली: पाचवा घटक सजीव असावा, एवढंच बंधन. आम्ही एक बोन्साय आणला.

"दाइजोबु, आजी," म्हणजे काळजी करू नकोस, असं ओवी म्हणाली. "झाड मिळालं. तुझ्या जागेवर ठेवू? त्याला ऊन लागतं."

आईने गादी गुंडाळून जागा करून दिली. "पाणी वेळेवर घाला हो," ती म्हणाली. "ते काही फोन करून मागणार नाही."

मला वाईट वाटलं. पण आकडा बसला होता.

हे वाचताना तुम्हीही मनातल्या मनात आपल्या घरातली माणसं मोजलीत. किती भरली ते सांगू नका. कोण मोजायचं राहिलं, तेवढं बघा.