लिमयेकाकांचा गळ

लिमयेकाका माशांशी अहो-जाहो करून बोलतात. गळाला लागलेला मासा हातात आला की आधी त्याची माफी, मग चौकशी, मग निरोप. "या. फार लागलं का? थांबा, हलू नका, एवढं काढू द्या. झालं. माफ करा हं. या आता." एवढं ऐकून घेऊन मासा पाण्यात जातो आणि काका इस्त्रीच्या रुमालाने हात पुसतात. तळ्याकाठी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसणाऱ्या वीम नावाच्या डच आजोबांनी मला एकदा विचारलं, "तुमच्या देशात माशांसाठी वेगळी प्रार्थना असते का?" मी म्हटलं, "प्रार्थना नाही, ही पुण्याची सभ्यता आहे. माणसांच्या वाट्याला कमी येते, म्हणून माशांसाठी शिल्लक राहते."

खरं तर काकांच्या बाबतीत हे खोटं आहे. ते सगळ्यांनाच अहो म्हणतात. माझ्या चार वर्षांच्या मुलाला, पोस्टमनला, कुंपणावर येऊन बसणाऱ्या मांजराला. एकेरीत हाक मारायची ती फक्त दोघींना: बायकोला आणि मुलीला.

उइटहॉर्न या डच गावात आमची घरं एकाच रांगेत, मध्ये एक कुंपण. मी ठाण्याची, नोकरीसाठी इथे आलेली. काका आमच्या बरेच आधी आले, आयुष्यभर सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं आणि इथेच निवृत्त झाले. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार मिळाला की माणसाचं जे होतं ते त्यांचं झालेलं. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न: "नियमात बसतं का?" गणपतीच्या आरतीला घंटा वाजवायची तर आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारून येणार. सायकल वळवताना चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरही हात लांब करून दाखवणार. इथे कुणीही सायकलवर हेल्मेट घालत नाही. काका घालतात, आणि शिवाय रस्त्यावर पडलेल्या पानांकडे संशयाने बघत जातात. बारशाला, वाढदिवसाला केक कापला की विचारणार, "ह्यात अंडं आहे का?" आहे म्हटलं की हसून, हात जोडून, तीन पावलं मागे.

असा माणूस गळ टाकून मासे धरतो हे नव्याने ओळख झालेल्यांना पटतच नाही. ते कसं झालं, ते सांगते.

शुभाकाकू देवगडकडच्या. खाडीच्या काठावरचं घर, वडिलांची छोटी होडी. पुण्यात नोकरीला आल्या, तिथे काका भेटले आणि लग्न ठरलं. काकांच्या आईने एकच अट घातली: घरात मासे येणार नाहीत आणि सुनेने बाहेरही खायचे नाहीत. काकूंनी ती मान्य केली. पुढे सासूबाई गेल्या, ही दोघं इथे आली, मंगळवारच्या बाजारात मासळीची गाडी घरापासून हाकेच्या अंतरावर उभी राहायची, तरी काकूंनी मासा आणला नाही. मी एकदा आमच्याकडे जेवायला बोलावून सुरमई पुढे केली, तर म्हणाल्या, "नको गं. सवय गेली आता." आणि माझ्या ताटाकडे जरा जास्त वेळ बघत बसल्या.

मग काकू आजारी पडल्या. पोटाचं दुखणं निघालं ते वाईटच निघालं. हिवाळाभर उपचार झाले आणि वसंतात डॉक्टरांनी ते थांबवले. आमच्या घराजवळच्या हाउसआर्ट्स बाई, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टर, घरी येऊन काकांना म्हणाल्या, "आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या." काकांनी सवयीने विचारलं, "पथ्य काय?" बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पथ्य नाही असं सांगितलं. काकांना त्या दिवशी कळलं.

काकूंना काहीच खावंसं वाटत नव्हतं. वरणभात, पेज, मऊ खिचडी, सगळं दोन चमच्यांनंतर बाजूला. एका दुपारी मी बसले होते तेव्हा काकांनी पुन्हा विचारलं, "शुभा, काय करू तुझ्यासाठी? काहीतरी सांग."

काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "तळलेला मासा."

मग मीच उठले, बाजारातून छान मासा आणला, तळला. काकूंनी ताट जवळ घेतलं आणि लगेच मान फिरवली. "बर्फाचा वास येतोय गं. रागावू नकोस. आम्ही पाण्यातून काढला की तव्यावर टाकायचो. तो वेगळा." मग काकांकडे बघून हसल्या. "जाऊ दे हो. उगाच बोलले."

दुसऱ्या दिवशी काकांनी मासेमारीचा पास काढला.

गळ, दोरा, स्टूल, जाळी, सगळं आणलं. नियमावली छापून घेतली आणि पिवळ्या पेनने रंगवली. इस्त्रीचा शर्ट खोचून, हेल्मेट घालून, गळाची लांब पिशवी पाठीला बांधून सायकलवरून निघालेले काका बघून माझा नवरा म्हणाला, "हे तळ्यातल्या माशांचं टेस्टिंग करायला निघालेत." आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

आमिष म्हणून काकांनी कणीक भिजवली होती. तेलाचा हात लावलेली, हळद आणि चिमूटभर हिंग घातलेली. गांडूळ लावणं त्यांच्याने शक्यच नव्हतं. कणकेला मासे आलेही: चंदेरी, लाल डोळ्यांचे, वीतभर लांबीचे. पण वीमने बघून मान हलवली. "हे फोर्न. नुसते काटे. आजारी माणसाला हे देऊ नका. तुम्हाला बार्स हवा." बार्स म्हणजे अंगावर हिरवे-काळे पट्टे, पर लालभडक आणि पाठीवर काट्यांचा पंखा असलेला मासा. चवीला उत्तम. "पण तो तुमच्या ब्रेडला तोंड लावणार नाही. त्याला गांडूळ लागतं."

काका आठवडाभर कणकेवरच अडून बसले. घट्ट केली, सैल केली, गूळ घातला. फोर्न येत राहिले. घरी काकू रोज थोड्या लहान होत होत्या.

एका संध्याकाळी मी त्यांना बागेत बघितलं. गुलाबाच्या वाफ्याशी उकिडवे बसले होते, हातात खुरपं. समोर एक गांडूळ वळवळत होतं. मी कुंपणावरून म्हटलं, "काका, वीमला सांगा ना. तो लावून देईल गळाला."

"ते तयार आहेत हो," काका म्हणाले. "पण शुभासाठी करायचं आणि पाप त्यांच्या माथी मारायचं, हे नियमात बसत नाही." मग खाली बघून अगदी हळू म्हणाले, "क्षमा करा," आणि ते गांडूळ उचलून डबीत ठेवलं. डबी त्यांनी कुंपणावरून माझ्यापुढे धरली आणि झाकण मी लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. काका उभे. हातात बादली, बादलीत दोन बार्स. चेहरा असा, की जणू कुणाला रस्त्यावर पाडून आलेत.

"रेवती, तुम्हाला साफ करता येतात ना?"

"द्या इकडे, मी करते."

"नाही. मी करतो. तुम्ही फक्त सांगा."

मी सांगत गेले, ते करत गेले. डोक्यात एक टोला, खवले, पोट. बार्सचे खवले चिवट असतात, सुरी सटकते. पाठीचा काटा बोटात घुसून रक्त आलं, ते काकांनी नळाखाली धुतलं आणि पुन्हा सुरी धरली. मध्ये एकदा सुरी खाली ठेवून मागच्या दाराने बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. मग तोंड धुऊन आले आणि दुसरा मासा हातात घेतला. माझ्याकडचं कोकमाचं आगळ लावलं, हळद, तिखट, मीठ, वरून तांदळाचं पीठ. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्या आईच्या फोटोसमोर तवा तापला. काका फोटोकडे न बघता म्हणाले, "आई, मागाहून बोलू."

वासाने काकू स्वतःहून उठून बसल्या. मी मांडीवर ताट ठेवलं. त्यांनी चमचा बाजूला सारला आणि बोटांनी मासा उकलला. त्या हातांना फोन उचलवत नव्हता, पण कणा एका झटक्यात वेगळा झाला. बारीक काटे ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येत होते आणि काकू जेवत होत्या. चव बघत नव्हत्या, जेवत होत्या. काका अंघोळ करून दाराच्या चौकटीत उभे होते.

"अहो, आत या की. तो आता चावत नाही."

काका आत आले. पलंगाच्या कडेला बसले. काकूंनी अख्खा मासा संपवला, बोटं चाटली आणि भिंतीला टेकून म्हणाल्या, "मीठ बरोबर पडलंय." मग रडल्या. काका नुसते त्यांचा खरकटा हात आपल्या हातात धरून बसले. मी भांडी घासायला म्हणून उठले.

तो उन्हाळा त्यांचा तसा गेला. पहाटे तळं, दुपारी तवा. तळ्याकाठची मंडळी चांगला बार्स लागला की "लिमयेसाठी" म्हणून हाक मारायची, पण काकांनी दुसऱ्याचा मासा एकदाही घेतला नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा काकूंना गिळता येईना. मला वाटलं, आता गळ माळ्यावर जाणार. पण काका जातच राहिले. मासा मारायचे नाहीत. बादलीत पाणी घेऊन जिवंत घरी आणायचे, पलंगाशी बादली ठेवायची, काकूंच्या डोक्याखाली हात घालून त्यांना दाखवायचे. "बघ, आजचे कसे आहेत." काकू पाण्यात एक बोट सोडायच्या. मग बादली सायकलला लावून पुन्हा तळ्यावर, मासा पाण्यात. हे नियमात बसतं का, असं त्यांनी वीमला विचारलं होतं. वीम म्हणाला, "माझे डोळे अधू आहेत. मला बादली दिसली नाही." आयुष्यात पहिल्यांदा काकांनी तेवढ्यावर भागवलं. माशांशी बोलायला त्यांनी सुरुवात केली ती तेव्हापासून. एवढी ने-आण करायची तर दोन शब्द बोलायला नकोत?

पानं पिवळी पडायच्या आत काकू गेल्या.

हिवाळाभर काका कमी दिसायचे. उन्हाळा आला तसे पुन्हा तळ्यावर जाऊ लागले. मासा लागला की माफी, निरोप. मी कधी चहाचा थर्मास घेऊन जायचे. काकूंचा विषय ते काढत नसत, मीही काढला नाही.

वर्षश्राद्धाला मीरा आली. मीरा त्यांची मुलगी, मास्ट्रिख्टला संशोधन करते. आईच्या आजारपणात ती मधून मधून येऊन जायची, पण आली की काका मासा तळत नसत. काकूंनीच सांगितलं होतं, "तिला नका सांगू. पोरीला वाटेल, आई जन्मभर मन मारून राहिली."

श्राद्ध साधंच होतं. पुण्याचे गुरुजी टॅबवर, काका सोवळं नेसून पाटावर. मी आणि मीराने स्वयंपाक केला होता: खीर, वडे, आमसुलाची चटणी. गुरुजींचं झालं, टॅब बंद झाला. काकांनी काकूंच्या फोटोसमोर ठेवायचं पान वाढायला घेतलं. सगळं वाढून झाल्यावर ते उठले, आत गेले आणि झाकलेली ताटली घेऊन आले. झाकण काढलं. तळलेला बार्स. पहाटे कधी धरला, कधी तळला, शेजारी असून मला वास आला नव्हता. पानाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी तो ठेवला.

"बाबा?" मीरा म्हणाली. "हा फिश आहे?"

"हो."

"आजच्या दिवशी? आपल्या घरात?"

"नियमात बसत नाही. माहीत आहे मला." काका फोटोकडेच बघत होते. "तुझ्या आईला आवडायचा."

"आई फिश खायची? कधी?"

काका खाली बसले. सगळं सांगितलं. देवगड, आजीची अट, आजारपणातला उन्हाळा. आवाज सपाट होता, ऑफिसात एखाद्या बिघाडाचा अहवाल द्यावा तसा. शेवटी म्हणाले, "तुझी आजी गेल्यावर मी तुझ्या आईला एकदा म्हणायला हवं होतं, आता खा. तिने मागितलं नाही आणि मला सुचलं नाही. एवढी वर्षं सुचलं नाही."

मीराने पान फोटोसमोरून उचलून जमिनीवर दोघांच्या मध्ये ठेवलं. "मी खाऊ? आईच्या पानातलं चालतं ना?"

काकांनी मान डोलावली. तिला काटे काढता येईनात. एक तुकडा घेतला, तो मोडला, काटा घशाला टोचला, ती खोकली. काकांनी सोवळ्याचं टोक खांद्यावर सारखं केलं, ताट आपल्याकडे ओढलं आणि माशाचा कणा सोडवला. मग एकेक काटा बोटांनी चाचपून बाजूला करत ते तिच्यापुढे छोटे छोटे घास ठेवू लागले. ती एकेक खात गेली. दोघंही रडत होते आणि दोघंही थांबत नव्हते.

अर्धा मासा संपला तेव्हा काका म्हणाले, "मीरा, कसा लागतो गं? तुझ्या आईला विचारायचं राहून गेलं."

मीराने घास संपवला. जरा विचार केला.

"गोड," ती म्हणाली. "थोडा गोड आहे, बाबा."

"असं का," काका म्हणाले, आणि पुढचा काटा काढायला लागले.