नावानं हाक मारणारे साहेब

थायलंडातल्या सोंगख्लाच्या समुद्रकाठच्या त्या हॉटेलात मॅनेजर म्हणून आल्यापासून थनाक्रितसाहेबांनी एकच गोष्ट मनापासून केली, ती म्हणजे देखरेख. कोण किती वाजता आलं, चादरीची घडी सरळ पडली का, सूपमध्ये कोळंबी जास्त तर गेली नाही ना, सगळीकडे त्यांची नजर. कामं होत होती, नाही असं नाही. पण साहेब खोलीत शिरले की हसणं बंद पडायचं आणि साहेब गेले की दुप्पट जोरानं सुरू व्हायचं.

शनिवारी मालकीणबाई येणार होत्या. त्यांच्या नातीच्या लग्नाचं जेवण याच हॉटेलात होतं, आणि साहेबांना कायम करायचं की बँकॉकला परत धाडायचं हेही त्या त्याच दिवशी ठरवणार होत्या. नेमणूक बँकॉकच्या ऑफिसनं केलेली, त्यामुळे बाईंनी अजून साहेबांचं तोंडही पाहिलं नव्हतं. घाबरलेल्या साहेबांनी मोबाइलवर एक व्याख्यान ऐकलं. टाय लावलेला एक गृहस्थ त्यात सांगत होता की, नुसता मॅनेजर माणसांना कामाला लावतो, खरा नेता त्यांना नावानं हाक मारतो. झालं! साहेबांनी घोकंपट्टी करून सगळ्यांची कागदोपत्री नावं आडनावांसकट पाठ केली.

आता आमच्याकडे कागदावरचं नाव कागदावरच राहतं. आई जन्मतःच बेडूक, कोळंबी, चिमणी असं काहीतरी म्हणते आणि तेच जन्मभर चिकटतं. वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं खरं नाव त्याच्या अंत्यविधीच्या फलकावर पहिल्यांदा वाचायला मिळतं. पूर्ण नावानं हाक मारतात ते फक्त पोलीस, कोर्टाचा शिपाई आणि सुई घेऊन उभी असलेली नर्स. साहेबांना हे ठाऊक होतं, पण ऑफिसात भारदस्तपणा हवा असं त्यांचं ठाम मत. पहिल्याच दिवशी स्वयंपाकीण कुंगमावशीनं मायेनं विचारलं होतं, "घरी काय म्हणतात रे तुला, बाळा?"

"थनाक्रितसाहेब."

"आईसुद्धा?" मावशीनं विचारलं होतं, आणि त्यानंतर तिनं काहीच विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी फाटकावर चांगकाका उभे होते. चांग म्हणजे हत्ती. काका अगदी काडी पैलवान.

"शुभ सकाळ, कितिफूम सीसुवान!" साहेब गरजले.

काकांनी मागं वळून पाहिलं. मागं नारळाचं झाड होतं.

"साहेब, मी काय केलं?"

"घाबरू नका हो! मला तुमच्याबद्दल सगळं कळलंय," साहेब प्रेमानं म्हणाले.

काका पांढरेफटक पडले. त्यांनी शिट्टी फाटकाला अडकवली आणि तडक घर गाठलं. रिसेप्शनवरच्या नोकला तर साहेबांनी पूर्ण नाव घेऊन वर "आज तुमचा दिवस आहे" असंही सांगितलं. ती रडायलाच लागली. बघता बघता हॉटेलभर झालं की, साहेब एकेकाला पूर्ण नावानं गाठतायत, म्हणजे संध्याकाळी बाई आल्या की सगळ्यांना नारळ.

तेवढ्यात साहेब स्वयंपाकघरात पोहोचले. "पत्चराफोन चाइदी!"

कुंगमावशीच्या हातातला डाव खाली पडला. "अरे मेल्या, ते नाव मी केव्हाच टाकलंय! त्या नावानं माझा पाय मोडला, नवरा पळाला. भिक्षूंनी नवीन नाव दिलं तेव्हा कुठं घडी बसली. आणि तू ऐन लग्नाच्या दिवशी, माझ्या चुलीपुढं, त्या अवदसेला परत बोलावतोस?"

"मावशी, मी फक्त..."

"मी चालले विहारात, पाणी शिंपडून घ्यायला!"

तिनं एप्रन काढला. काढूनच टाकणार आहेत तर आधी पुण्य तरी गाठीला बांधू, म्हणून अख्खं स्वयंपाकघर तिच्यामागून गेलं. उरले साहेब आणि टबभर मासे.

रिसेप्शनवर फोन वाजला. पर्स आवरत असलेल्या नोकनं तो उचलला.

"मू आहे का गं?" पलीकडून बाईमाणसाचा आवाज.

"कोण मू?"

"माझा मुलगा गं! गोलमटोल आहे, सारखा घामाघूम होतो. मोबाइल उचलत नाहीये मेला. जेवला का तो?"

मू म्हणजे डुक्कर. आमच्याकडे गुटगुटीत बाळाला कौतुकानं तेच म्हणतात. नोकनं स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहिलं. गोलमटोल साहेब घामाघूम होऊन माशांकडे बघत होते.

"नाही जेवला, काकू," ती म्हणाली आणि फोन ठेवून आत आली. "साहेब, तुम्ही मू?"

साहेबांचे कान लाल झाले. "हो."

"मग आम्हाला काढणार नाही ना?"

"तुम्हाला कशाला? आज मलाच काढतायत."

नोकला एकदम त्याची दया आली. तिनं त्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि विहारात नेलं. मावशी ओल्या डोक्यानं बसली होती. तो तिच्यापुढं गुडघे टेकून बसला.

"मावशी, मी मू. चुकलो. पाहुणे यायचेत आणि मला काही म्हणजे काही सुचत नाहीये. काय करू सांगा."

मावशीनं त्याला नीट न्याहाळलं. "मासे साफ करता येतात?"

"आईची मासे-भाताची गाडी आहे."

"मग इथं काय बसलायस? ऊठ!"

वाटेत चांगकाकांनाही घरातून उचललं. त्या संध्याकाळी मूनं कोणावरच नजर ठेवली नाही, त्याला वेळच नव्हता. तो मासे साफ करत होता, टेबलं उचलत होता, गाड्या कुठं लावायच्या ते काकांना विचारत होता. आजवर त्याला कोणी काही सांगत नसे. आता मात्र "मूदादा, बर्फ संपला!", "मूदादा, नवरदेवाचा सदरा उसवला!" असं जो तो त्याच्याकडे धावत येत होता, आणि तो "चल, बघू" म्हणत पुढं धावत होता. इतका आनंद त्याला बँकॉकच्या एसीत कधी झाला नव्हता.

जेवणं उरकल्यावर मालकीणबाई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. "मॅनेजर कुठाय?"

सगळे कुंगमावशीकडे बघायला लागले. मग कुंगमावशी म्हणाली, "दुपारपासून दिसले नाहीत हो, आजी."

"घरच्या लग्नात गायब? आणि हा एप्रनवाला कोण? सगळे याच्याच नावानं ओरडत होते."

"हा आमचा मू."

"उद्यापासून मॅनेजर हा. त्या थनाक्रितला पाठवा परत बँकॉकला."

"पण बाई, थनाक्रित म्हणजे..." मूनं तोंड उघडलं. मावशीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"माणूस वाईट नव्हता, आजी," मावशी म्हणाली. "रुळला नाही, इतकंच."

सोमवारी सगळ्यांनी मिळून थनाक्रितसाहेबांचा रीतसर निरोपसमारंभ केला. साहेब काही आले नाहीत. मू त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला उभा राहिला, त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं, पण त्याला एकही आठवेना. शेवटी कुंगमावशीनंच त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि ताटात आणखी भात वाढला.