सासऱ्यांच्या गाडीला चढलेली चकाकी

"गाडी अशी चकाकवून दाखवतो, की माशी बसायला आली तर घसरून खाली पडेल!"

चष्मेवाल्यांनी, म्हणजे धाकट्या जावयांनी, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहून, चहाची बशी छातीशी धरून ही घोषणा केली. बायकोने मान वर न करता कांदा चिरणं चालू ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "आधी ती बशी सरळ धरा. शर्टावर सांडतोय चहा."

पण चष्मेवाल्यांचा बेत पक्का होता. घरामागच्या शेडमध्ये सासऱ्यांची मरून रंगाची गाडी उभी होती. सासरे म्हणजे वजनमाप खात्याचे निवृत्त निरीक्षक. नोकरीभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि निवृत्तीनंतर तराजू उरले नाहीत म्हणून माणसं तपासायला घेतली. त्यात पहिला नंबर जावयांचा. गाडीला तर त्यांनी कुणाला बोटही लावू दिलं नव्हतं. आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ते आतल्या खोलीत पडले होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की पट्टी सुटल्यावर दिसेल झकास, पण गाडी चालवणं यापुढे बंद!

त्यावर सासऱ्यांनी गाडीची चावी उशीखाली सरकवली आणि जाहीर केलं, "रविवारी पट्टी निघेल. दोन्ही जावयांनी हजर राहायचं. चावी कुणाच्या हाती द्यायची, ते मी माझ्या डोळ्यांनी बघून ठरवीन."

'डोळ्यांनी बघून' या शब्दांवर चष्मेवाल्यांनी सगळी मोहीम उभारली. त्यांचे साडू, म्हणजे थोरले जावई, विमा एजंट. जीभ अशी मऊ, की जिवंत माणूस त्यांच्याकडून स्वतःच्या मरणाबद्दल तासभर ऐकत बसे आणि शेवटी आभार मानून सही करी. ते रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या पायाशी बसून म्हणत, "बाबा, तुमच्यासारखं ड्रायव्हिंग आता होणे नाही!" धाकट्यांना असलं काही जमत नसे. त्यांच्याकडे चष्म्याचं एक दुकान होतं आणि एक स्कूटर. स्कूटरवर पुढे मुलगी, मागे बायको आणि बायकोच्या दोन्ही हातांना पिशव्या. "मी त्या स्कूटरवर बसत नाही," बायको सांगायची, "मला तिथे टांगलेलं असतं."

म्हणून ती चावी हवी होती. अगदी जिवापाड हवी होती.

"साडू कानात बोलतो ना? मी डोळ्यांत बोलणार!" चष्मेवाले म्हणाले. "आणि मशीन-बिशीन काही नाही. हाताने! उभा जन्म मी काचा पुसतोय. चकाकी म्हणजे काय, हे मला कळणार नाही तर कुणाला?"

"गाडी म्हणजे काच नव्हे," बायको म्हणाली.

"होईल!"

शेडमध्ये गेल्यावर मात्र चष्मेवाल्यांचा आवाज जरा बसला. गाडी मरून आहे असं सासरे सांगत, म्हणून लोक मानत. एरवी उन्हाने तिचा रंग उडून उडून तिला जुन्या पायपुसण्याची कळा आली होती. दारावर ओरखडे, टपावर पाखरांच्या कृपेचे डाग, बॉनेटवर कुणीतरी धुळीत बोटाने काढलेलं कार्टून. चष्मेवाल्यांनी गाडी धुतली, कोरडी केली, मऊ फडक्यावर बोटभर रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासायचा लेप, घेतला आणि बॉनेटच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर छोटी छोटी वर्तुळं काढत घासायला सुरुवात केली. भिंगाला लावतात तसा हलका हात. घासायचं, पुसायचं, वाकून बघायचं. पुन्हा घासायचं.

आणि मग ते ओरडलेच, "अगं, धाव! माझं नाक! नाक!"

बायको चिरता कांदा टाकून धावली. "काय झालं नाकाला? लागलं?"

"दिसतंय!"

खरंच दिसत होतं. त्या तळहाताएवढ्या तुकड्यात नाक होतं, नाकावरचा चष्मा होता, चष्म्यामागे शेडचं पत्र्याचं छप्पर होतं आणि छपरातल्या भोकातून आलेला आभाळाचा एक निळा ठिपका होता. जुन्या पायपुसण्याच्या कोपऱ्यात कुणी खोल विहीर खणावी आणि ती काठोकाठ भरावी, तसं! बायको वाकली. कपाळावरची बट मागे सारली, मान तिरकी केली, पुन्हा पाहिलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या कुठल्याही कामासमोर ती इतका वेळ गप्प उभी राहिली नव्हती.

"सगळी गाडी अशी होईल?" तिने हळूच विचारलं.

"व्हायलाच हवी," चष्मेवाले म्हणाले, आणि लगेच पुन्हा फडक्यावर कंपाउंड घेतलं. कारण एवढा तुकडा झळकल्यावर उरलेली गाडी आधीपेक्षा दसपट भिकार दिसायला लागली होती. आता माघार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाला कुलूप आणि चष्मेवाले शेडमध्ये. पण एक भानगड झाली. गाडीचा रंग जुन्या पद्धतीचा, वर पारदर्शक थर नाही. त्यामुळे घासलं की रंगाचा वरचा मेलेला पापुद्रा फडक्यावर उतरायचा. फडकी लालभडक, हात कोपरापर्यंत लालभडक! ते हात धुवायला चष्मेवाले स्वयंपाकघरात शिरले आणि सासूबाई किंचाळल्या.

"अगं बाई! रक्त!"

आतून पट्टी बांधलेले सासरे गरजले, "कुणाचं रक्त?"

"धाकट्यांचं!"

पायाशी बसलेले विमेवाले ताडकन उभे राहिले. "बाबा, मी म्हणतच होतो! काचेचा धंदा, आज ना उद्या हे होणारच होतं. विम्याचे कागद आणू का?"

गाडीचं गुपित रविवारपर्यंत फुटता कामा नये. चष्मेवाल्यांनी ओठावर बोट ठेवलं, सासूबाईंना खूण केली आणि ओरडून सांगितलं, "रक्त नाही बाबा! बीट! बीट चिरत होतो!"

आतल्या खोलीत शांतता पसरली. ही शांतता दुकानदारांच्या ओळखीची होती. ती पसरली की पाठोपाठ तपासणी येई.

"जावयाला बीट चिरायला बसवलंत?" सासरे म्हणाले. "बरं. मग माझ्या ताटात बीट कुठंय?"

सासूबाईंना बीट आणून उकडावं लागलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं, "मागच्या बाजूने खरखर येतेय, ती कसली?" सासूबाई म्हणाल्या, "धाकटे बीट किसतायत." मग किसलेलं बीट वाढणं आलं. घासण्याचा आवाज तर दिवसभर. त्या आठवड्यात त्या घराने इतकं बीट खाल्लं, की विमेवाले संध्याकाळी जेवायला थांबेनासे झाले. "मोठा सोशिक जावई!" सासरे पडल्या पडल्या म्हणत. "नुसता किसत असतो बिचारा."

इकडे शेडमध्ये गाडी पालटत होती. कंपाउंडनंतर पॉलिश, पॉलिशनंतर वॅक्सचा पातळ हात, तो सुकला की स्वच्छ फडक्याने उजळणं. एकेक दार पुरं होई आणि चष्मेवाले दोन पावलं मागे सरून तोंड उघडं टाकून उभे राहत. हे आपण केलं? याच हातांनी? खांदे भरून आले होते, बोटं सुजली होती, पण दारात बघावं तर अख्खं आंब्याचं झाड, पानन् पान मोजून घ्यावं असं! रंग तरी कसला! पिकल्या जांभळाच्या आत दिवा लावावा तसा. वर चकाकी आणि चकाकीच्या खाली खोली, खोलीच्या खाली आणखी खोली.

बातमी गल्लीत गेली. आपला तयार चष्मा मागायला एक गिऱ्हाईक शेडपर्यंत आलं. चष्मेवाल्यांनी तिथेच चष्मा त्याच्या नाकावर चढवला. ते बॉनेटकडे बघून म्हणालं, "आईशप्पथ! काय नंबर काढलात! माझ्या भुवया पिकल्यात हे मला आज कळलं!" शेजारच्या बाई ओठ रंगवायला येऊ लागल्या. इस्त्रीवाला येऊन नुसता हात जोडून उभा राहिला. लोक शेडच्या दाराशी चपला काढू लागले! कुणी सांगितलं नव्हतं. कुणी मोठ्याने बोलेना. जो येई तो वाकून स्वतःला बघे आणि परत जाताना जरा ताठ चालू लागे.

फक्त मांजराला ते मानवलं नाही. सासूबाईंच्या बोक्याने डाव्या दारात दुसरा बोका पाहिला, तोही आपल्याच थाटात बसलेला! त्याने फिस्कारून झडप घातली. चार ओरखडे! चष्मेवाल्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून सासऱ्यांनी आतून विचारलं, "बीट संपलं का?" ते ओरखडे घालवताना त्यांनी दाराचे जुने ओरखडेही घालवले. जेवढं म्हणून खरचटलेलं होतं, तेवढं सगळं. गाडीच्या अंगावर नखाएवढी खूण म्हणून उरली नाही.

रविवार उजाडला. पट्टी निघाली. काळा चष्मा लावलेले सासरे सासूबाईंचा हात धरून शेडकडे निघाले. मागे विमेवाले फळांची करंडी घेऊन, त्यांच्यामागे दोघी मुली, आणि कुंपणापाशी अर्धी गल्ली. चष्मेवाल्यांनी शेडचं दार सताड उघडलं. ऊन आत शिरलं आणि गाडीवर पडून असं परत उसळलं, की पुढचे लोक एक पाऊल मागे सरले.

सासरे थांबले. काळा चष्मा काढला. डोळे चोळू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतानाही चोळले. इस्त्रीवाल्याने श्वास धरून ठेवला होता.

मग सासरे म्हणाले, "ही कुणाची गाडी?"

"बाबा, तुमचीच!"

"माझी?" सासरे गाडीभोवती एक फेरी मारून आले. "माझ्या गाडीच्या डाव्या दाराला ओरखडा होता. हिची भाजीची पिशवी घासली होती. कुठंय तो? टपावर पाखरांचे डाग होते, ते कुठे गेले? मी आंधळा पडून असताना माझी गाडी बदललीत तुम्ही!"

"अहो बाबा, नंबर प्लेट बघा ना!"

"प्लेट बदलायला काय लागतं? दोन स्क्रू! उभ्या आयुष्यात खोटी मापं पकडलीत मी, जावईबापू!"

विमेवाल्यांनी संधी साधली. "मलाही आल्याबरोबर शंका आली होती, बाबा. पोलिसांना फोन लावू का?"

चष्मेवाले डाव्या दारावर वाकून ओरखडा शोधू लागले. आठवडाभर घासून त्यांनी स्वतःच्या हाताने सगळा पुरावा पुसून टाकला होता! बायको त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आठवडाभर बीट कोण किसत होतं असं वाटलं तुम्हाला?"

"बीट वेगळं, गाडी वेगळी!"

शेवटी सासूबाई पुढे झाल्या. नवऱ्याच्या खिशातून त्यांनी चावी काढली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आणि आतून जो वास आला, त्याने कुंपणापलीकडचे लोकही हलले. चावी आठवडाभर उशीखाली होती, त्यामुळे आतली बाजू घासायला चष्मेवाल्यांना मिळालीच नव्हती. फाटकी सीट, पायाशी शेंगांची टरफलं, आणि सीटच्या वरच्या बाजूला तेलाचा काळाकुट्ट गोल डाग.

"हे डोकं कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं. "आणि हा खड्डा? बसून दाखवा."

सासरे बसले. खड्डा त्यांना अंगरख्यासारखा बरोबर झाला. त्यांनी वास घेतला, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "माझीच आहे."

मग ते उतरून बॉनेटसमोर जाऊन उभे राहिले. ऑपरेशननंतर त्यांनी अजून आरसा पाहिला नव्हता. बॉनेटमध्ये एक पिकला म्हातारा, त्याच्या खांद्यामागे म्हातारी, दोघांच्या मागे दोन मुली, झाड आणि मोकळं आभाळ. सासऱ्यांनी बायकोकडे बघितलं नाही, बॉनेटमधल्या बायकोकडे बघितलं. "तू अजून तशीच दिसतेस की," ते म्हणाले. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि वॅक्सचा वास फार उग्र आहे अशी तक्रार केली.

सासरे वळले. आवाजात आता तपासणी नव्हती. "जावईबापू, असं काम मी पाहिलं नाही. हे मशीनने होणं शक्य नाही."

"हाताने, बाबा," चष्मेवाले पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. बायकोने पदराखालून त्यांचा दंड दाबला. पलीकडे विमेवाल्यांनी करंडी खाली ठेवली. हरलेला माणूस ठेवतो तशी.

"म्हणून मी ठरवलंय," सासरे म्हणाले. "गाडी चालवणं काय, कुणालाही येतं. रिकामा माणूस चालवू शकतो. पण ही चकाकी एकाच हाताला येते. त्या हाताला स्टिअरिंग धरायला लावलं, घट्टे पडले, की संपलंच! तेव्हा चावी थोरल्यांकडे." त्यांनी चावी विमेवाल्यांच्या हातावर ठेवली आणि टपावरचं पिवळं फडकं उचलून दोन्ही हातांनी, मानाचा पोशाख द्यावा तसं, धाकट्यांना दिलं. "आणि हे तुमच्याकडे. कायमचं!"

गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. आणि आपण काय गमावलं ते कळायच्या आत चष्मेवाले गदगदून म्हणून गेले, "आभारी आहे, बाबा!"

बायकोने दंड सोडला.

पुढच्या सुट्टीला विमेवाले सहकुटुंब गाडीतून निघाले, सासू-सासरे मागच्या सीटवर. त्यांच्यामागे स्कूटरवर चष्मेवाले, पुढे मुलगी, मागे टांगलेली बायको. लाल सिग्नलला गाडी थांबली आणि चष्मेवाल्यांना डिकीच्या मरून आरशात सगळं दिसलं. उन्हात न्हालेला रस्ता, हसणारी मुलगी, पिशव्या सांभाळणारी बायको, आणि मधोमध स्वतः ते. इतकं देखणं कुटुंब त्यांनी आजवर कुठे पाहिलं नव्हतं! ऊर भरून आला. फक्त डाव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बोटाचा ठसा होता.

"अहो, कुठे निघालात?" बायको स्कूटर सावरत ओरडली. "अहो, सिग्नल!"

चष्मेवाले खिशातून पिवळं फडकं काढून डिकीपाशी पोचलेसुद्धा होते. एक फुंकर वाफेची, एक छोटं वर्तुळ, हलका हात... ठसा गेला! तेवढ्यात दिवा हिरवा झाला, विमेवाल्यांनी गाडी सोडली, आणि ते देखणं कुटुंब रस्त्यासकट निघून गेलं. मागे भोंगे वाजू लागले. चष्मेवाले भर चौकात, हवेत फडकं धरून, ते लांब जाणारं झळझळीत मरून बघत उभे होते.

"बसा आता," मागून बायको म्हणाली. "तुमची गाडी गेली."