दोरवाले आबा

लग्नानंतर पहिल्यांदा आखातात, फुजैराला गेले तेव्हा सासऱ्यांनी माझं स्वागत फास टाकून केलं. टॅक्सीतून उतरले, सुटकेस खाली ठेवली, ओढणी सावरून नमस्काराला निघाले, तेवढ्यात कुठूनसा सर्रकन दोर आला, सुटकेसच्या हँडलला अडकला आणि माझी माहेरची नवी कोरी सुटकेस वाळूतून फरफटत त्यांच्या पायाशी गेली. "ऑल फास्ट!" आबा ओरडले. मग माझ्याकडे बघून, "ये गो सूनबाई." सुटकेसचं एक चाक वाटेतच तुटून पडलं होतं. त्याबद्दल आजतागायत मला कुणी सॉरी म्हटलेलं नाही.

आबा बंदरावर मूरिंग गँगचे फोरमन. म्हणजे जहाज धक्क्याला लागलं की त्याचे मांडीएवढे जाड दोर खुंटांना पक्के अडकवून 'ऑल फास्ट' ओरडायचं आणि निघालं की 'लेट गो' ओरडून सोडायचे. विशीत गुहागरहून आले ते हेच करत राहिले. असा माणूस साठीकडे झुकला की पत्ते खेळतो, भजनीमंडळात बसतो. आमच्या आबांनी मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघितले. घोड्यावरून पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकायचा, दोर खोगिराच्या खुंटीला गुंडाळायचा आणि वासरू थांबेपर्यंत धरून ठेवायचा. त्याच्या तिकडे स्पर्धा असतात म्हणे. "आयुष्यभर जहाजं बांधली, वासरू काय चीज आहे!" झालं. शर्यतीतून बाद झालेले दोन घोडे घरात आले.

घरात म्हणजे आबांच्या एका अरबी मित्राच्या शेतावरच्या शेडमध्ये. नावं काय ठेवावीत? एक टग आणि दुसरी लाँच! बंदरातल्या बोटींची नावं. "टग म्हणजे छोटा, पण ओढायला वस्ताद," हे वर स्पष्टीकरण. तेव्हापासून आमचा एकही रविवार आमचा राहिला नाही. दुबईत आमच्या ऊद मेथातून लोक निघतात ते मॉलमध्ये जातात, बीचवर जातात. आम्ही फुजैराला जातो. एमबीए झालेला माझा नवरा तिथे लीद उचलतो. आणि मी? वाळूवर घसरत येणारं एक प्लॅस्टिकचं वासरू आहे, ते क्वाडबाइकच्या मागे बांधून पळवायचं काम माझ्याकडे. बँकेत माझ्या हाताखाली अख्खी टीम आहे हो! आणि रविवारी आबा कुंपणावरून माझ्यावर ओरडतात, "सूनबाई, वासरू असं सरळ पळतं काय गो? वासरासारखी चालव! यल्ला!"

घोड्यांशी मात्र काय गोडवा! टगच्या कानाजवळ दोर फिरवायची सवय लावायला त्यांनी महिने घालवले. आधी नुसता दोर हुंगायला द्यायचा. मग पाठीवरून, मग पायांतून. मग जुना टायर ओढायला लावायचा. दोर ताणला की घोड्यानं मागच्या पायांवर बसल्यासारखं व्हायचं आणि हलायचं नाही. टगला ते जमलं तेव्हा आबांनी त्याला स्वतःच्या हातानं खजूर भरवले. मी त्या दिवशी पुरणपोळ्या करून नेल्या होत्या. "बरी झालीय," म्हणाले.

इरा, म्हणजे माझी मुलगी, चौथीत असल्यापासून आबांच्या मागे मागे टगवर बसते. आज चौदाची आहे आणि त्या दोराचा तिचा हात बघितला तर तुम्हीही थक्क व्हाल. दहातले नऊ फास बरोब्बर गळ्यात. पण पुढे काय? पुढेच तर सगळं घोडं अडायचं. फास पडला, दोर ताणला, आता नुसतं धरायचं, की त्याच क्षणी आबा ओरडणार, "लेट गो!" आणि ही सोडणार. ते स्वतः बसले तरी तेच. अप्रतिम फेक, आणि दोर ताणला रे ताणला की मूठ उघडी. अहो, धरणं हाच तर खेळ! धरायचं नाही तर फेकायचं कशाला? मी शंभरदा विचारलं. शंभरदा एकच उत्तर, "दोर ताणला की सोडायचा. धक्क्यावरचा नियम आहे."

गेल्या महिन्यात शारजाकडच्या एका फार्मवर इथल्याच हौशी मंडळींनी स्पर्धा ठेवली. प्लॅस्टिकचीच वासरं. इराचा नंबर शेवटचा. आधीच्या कुणालाच धड जमलं नव्हतं. इरानं पहिल्या फेकीत फास टाकला, खुंटीला दोर गुंडाळला, टग मागे बसला. पंचानं झेंडा खाली करेपर्यंत फक्त धरायचं होतं. आणि कुंपणावरून आरोळी आली.

"लेट गो! इरा, लेट गो!"

तिनं सोडला. दोर वाळूतून वासरामागे निघून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी रडत रडत आली. "मम्मा, आय हॅड इट! आय हॅड इट!" मी सगळ्यांसमोर आबांना बोलले. "तुम्हाला जिंकायचंच नाहीये का? स्वतः तर धरत नाही, पोरीलाही धरू देत नाही. मग आमचे रविवार कशाला फुकट घालवले?" नवरा मला दंडाला धरून बाजूला ओढत होता. मी थांबले नाही.

आबा एवढंच म्हणाले, "खलास. घोडे देऊन टाकतो." टगवर दोन वेळा पाणी ओतलं आणि त्याची पाठ पुसत राहिले. इराचं रडणं एकदम थांबलं. तिनं टगच्या मानेला मिठी मारली ती सोडेचना.

मी तरी पाठ सोडली नाही. "कारण सांगा. एक कारण सांगा मला."

"महादेव," आबा म्हणाले.

महादेव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. माझ्या लग्नात गुहागरला त्यांनी डाव्या हातानं अक्षता टाकल्या होत्या. उजवा हात मनगटापासून नाही. मशीनमध्ये गेला, असं घरात सांगतात.

"मशीन बिशीन काही नव्हतं गो. माझ्याच गँगमध्ये होता. जहाज वाऱ्यानं ओढत होतं. दोर सोडायची वेळ झाली होती. मी म्हणालो, होल्ड. थोडा वेळ होल्ड." ते पाठ पुसतच होते. "माझं ऐकायचा तो. कायम ऐकायचा."

मला रडू आलं, हे खरं. पण राग गेला नाही, उलट नवा आला. हा माणूस इतकी वर्षं हे पोटात घालून बसला, आणि आम्हाला काय दिलं तर क्वाडबाइक! सांगितलं असतं तर मी तोंड उघडलं असतं का?

इरानं सगळं ऐकलं होतं. पुढच्या रविवारी तिनं स्वतःच टगवर खोगीर चढवलं. जाड हातमोजा घातला. "आबा, अंगठा वर ठेवते, दोरात अडकू देत नाही. प्रॉमिस. वन्स. मग द्या घोडे, ज्याला द्यायचे त्याला."

क्वाडबाइक नवऱ्यानं घेतली. आबा कुंपणाशी माझ्या शेजारी उभे राहिले. दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरला आणि डोळे मिटले.

"सूनबाई, तू ओरड. मला जमायचं नाही."

फास पडला. दोर ताणला. आबांच्या घशातून काहीतरी निघालं, पण ओठ गच्च बंद.

"धर!" मी किंचाळले. "इरा, धर! सोडायचं नाही!"

टग बसला. वासरू गर्रकन फिरलं आणि जागीच थांबलं. इरानं धरला होता! मी नाचायलाच लागले.

"बोटं बघ गो," आबा म्हणाले. डोळे मिटलेलेच.

इरा हातमोजा काढून हात हवेत हलवत होती.

"आहेत, आबा. सगळी आहेत. बघा की तुम्हीच."

"मोज," ते म्हणाले.

मी मोठ्यानं मोजायला लागले.