उंबऱ्याबाहेरची पेटी

आबांच्या समोर चाकू ठेवला, की ते आधी त्याची मूठ दाताला लावतात. पातं बघत नाहीत, धार बघत नाहीत. मूठ पुढच्या दोन दातांवर टकटक वाजवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "बैल. मागच्या पायाची नळी." किंवा, "म्हैस हाय. म्हातारी." मूठ प्लास्टिकची निघाली तर भातात खडा लागल्यासारखं तोंड करून चाकू बाजूला सारतात आणि ज्याचा असेल त्याच्याकडे दयेने बघतात.

बरं, गृहस्थ माळकरी. चाळीस वर्षांत मटणाच्या ताटाशेजारी बसलेला नाही. पण हाड दाताला लावायला त्यांना एकादशीसुद्धा आडवी येत नाही. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "खातोय का सर? वळखतोय."

रंगनाथआबा हे आमचे नगरकडच्या कर्जतचे शेजारी. जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत असे. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत आणि एक शेवगा. शेंगा कोणाच्या, यावरून आमचं कधी भांडण झालं नाही, कारण त्या दोघांच्याही आधी माकडं खायची.

आबांना नाद एकच. खिशात ठेवायचे जुने, मिटणारे चाकू जमवायचे. आणि तेही फक्त कोरीव हाडाच्या मुठीचे. लाकडी मूठ चालत नाही. पितळी चालत नाही. सांबरशिंगाची मूठ दाखवली तर चिडतात. "शिंग येगळं, हाड येगळं. तुमी सर, आन तुमाला येवडं कळंना?" हाडावर बारीक काळे ठिपके असतात, ते भिंगातून दाखवतात. त्यातून म्हणे रक्त जायचं. "मानूस खोटं बोलतो, कागुद खोटं बोलतो. हाड खोटं बोलत न्हाई," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. पुढे पुढे तर भाजीवाल्याने वांगी ताजी आहेत असं सांगितलं, तरी आबा म्हणायचे, "हाडाचं आसतं तर सांगितलं आसतं."

नगरच्या जुन्या बाजारात त्यांची फेरी ठरलेली. कधी एखाद्या निवृत्त फौजीच्या ट्रंकेतला चाकू मिळायचा, कधी बागवानाच्या आजोबांचा. एकदा पाथर्डीकडची ऊसतोडीला निघालेली एक टोळी रस्त्यात थांबली होती. बैलाच्या खुरात खिळा गेला होता. आबांनी तिथेच मातीत बसून खिळा काढला, खूर धुतला, पट्टी बांधली. म्हाताऱ्या गाडीवानाने कमरेचा चाकू काढला आणि जमिनीवर ठेवला. मुठीवर दोन राघू कोरलेले, चोचीला चोच. आबांनी तो उचलला. हातातून हातात चाकू घ्यायचा नाही आणि द्यायचा नाही, हा त्यांचा पक्का नियम. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं भांडण होतं म्हणून. माझ्या घरात कांदा चिरायची सुरीसुद्धा ते असतील तेव्हा जमिनीवर ठेवून उचलावी लागे.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या घरात का? तर इथे गयाबाई येतात.

गयाबाई म्हणजे आबांच्या पत्नी. ठेंगणी, हसरी बाई. पण एकदा नाही म्हणाली, की तहसीलदार आला तरी हो होत नसे. आबांनी पहिले पाच-सहा चाकू आणून देवघराच्या फळीखाली ठेवले, तोवर त्या काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस आबांनी कौतुकाने मूठ दाताला लावली आणि निकाल दिला. तो शेजारच्या घरापर्यंत ऐकू आला. त्यानंतरचं गयाबाईंचं बोलणं चौथ्या घरापर्यंत ऐकू गेलं.

"बैलाचं? पोळ्याला ज्याच्या पाया पडता, ज्याला पुरनपोळी चारता, त्याचं हाड देवाखाली ठिवलं? म्या जित्ती हाय तवर हाड ह्या उंबऱ्याच्या आत येनार न्हाई!"

दहा मिनिटांनी आबा भिंतीपलीकडून पेटी घेऊन आले. हिरव्या रंगाची, कडी असलेली पत्र्याची पेटी. "सर, दोन दीस ठिवा. तिचा राग निवला की नेतो." आमच्या दोन खोल्यांत आधीच माझे नकाशे, पृथ्वीचा गोल आणि मुलाची सायकल. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण नाही कसं म्हणणार? पेटी खिडकीखाली ठेवली. ते दोन दिवस अकरा वर्षं चालले.

रोज संध्याकाळी पाच वाजता आबा आपल्या चाकूंना भेटायला आमच्याकडे येत. दवाखान्यात भरती असलेल्या माणसाला भेटायला यावं तसे, हातात काहीतरी घेऊन. कधी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, कधी जुनं मऊ धोतर. एकेक चाकू काढायचा, पुसायचा, उघडून मिटायचा, परत ठेवायचा. माझी पत्नी सुमन चहा टाकायची. आमच्याकडे पाहुणा आला, की त्याची आधी आबांच्या पेटीशी ओळख व्हायची, मग माझ्याशी.

त्या पेटीत एक चाकू होता, त्याला आम्ही 'मडम' म्हणत असू. कुणा गोऱ्या साहेबाचा असावा. मुठीवर एक मडम कोरलेली, आणि तिच्या अंगावर कापड अगदी बेताचं. माझ्या नातवाच्या वाढदिवसाला केकबरोबर प्लास्टिकची सुरी आली. आबांनी ती दाताला लावली, थूः केलं आणि "लेकराचा पैला वाढदिवस, आन ह्ये?" म्हणत पेटीतून हाताला लागेल तो चाकू काढून केकशेजारी ठेवला. तो नेमका मडम. सुनेच्या माहेरची मंडळी छताकडे बघत टाळ्या वाजवत होती. फोटोत केक कापताना नातू दिसत नाही, पण मडम स्पष्ट दिसते.

एका पावसाळ्यात पात्यांवर गंज धरला आणि आबा आजारी पडल्यासारखे झाले. "उघडी ठिवल्यात म्हनून. परत्येकाला खोळ पायजे," एवढंच म्हणाले. पंधरा दिवसांनी पेटी उघडतात तो काय, प्रत्येक चाकूला मापाची खोळ! हिरवं मऊ सुती कापड, वर तांबडा काठ, तोंडाला नाडी. मडमच्या खोळीला तर दुहेरी कापड आणि दोन नाड्या, वरून गच्च बांधलेल्या.

"वैनी, तुमी शिवल्या?" आबांनी विचारलं.

"हो, बसल्या बसल्या," सुमन म्हणाली.

आता इथे एक सांगितलं पाहिजे. माझ्या पत्नीला साधं बटण लावता येत नाही. माझ्या शर्टाचं बटण तुटलं की शर्ट टेलरकडे जातो. खोळी शिवल्या होत्या गयाबाईंनी. दुपारी आबा वामकुक्षीला आडवे झाले, की त्या मागच्या दाराने आमच्याकडे यायच्या. चाकूला हात लावायच्या नाहीत. सुमनने चाकू कागदावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, आणि गयाबाईंनी त्या कागदाबरहुकूम आपल्या जुन्या लुगड्याचं कापड कापायचं. सुमनला त्यांनी शपथ घातली होती. "त्यांना कळू देऊ नगा. डोक्यावर मिऱ्या वाटतील माझ्या. म्हनतील, आता पेटी आत घेऊ द्या."

त्यानंतर नवा चाकू आला, की आठ दिवसांत त्याची खोळ यायची. आबा ती उलटसुलट करून बघायचे आणि सुमनला म्हणायचे, "वैनी, टाका लई बारीक हाय तुमचा. आसा टाका मी कुटं बगितला न्हाई." सुमन लाजायची, म्हणजे खरं तर ओशाळायची. आम्हाला वाटायचं, पुरुषमाणसाला लुगड्यातलं काय कळतं!

दोन वर्षांपूर्वी गयाबाई गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आबा रडले नाहीत. पाच वाजता यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. फक्त आता चहा झाल्यावरही उठायला वेळ लावत.

यंदा आमचं कर्जत सोडायचं ठरलं. मुलाने नगरला फ्लॅट घेतला, त्याने हट्टच धरला. सामान बांधलं आणि खिडकीखाली पेटी तेवढी उरली. मला तर हा प्रश्नच वाटत नव्हता. मी म्हणालो, "आबा, आता पेटी घरी न्या. वहिनी जिवंत असेपर्यंत आत नको म्हणाल्या होत्या. आता कोण अडवतंय?"

आबा माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत माझ्यावर ते पहिल्यांदाच रागावले.

"सर, ती गेली आन मी पेटी आत घेतली, म्हंजी मी तिच्या जायाची वाट बगत हुतो, आसंच झालं की न्हाई?"

माझंच मला वाईट वाटलं. पुण्याचा एक शौकीन सगळी पेटी घ्यायला तयार होता, त्याचं नाव मी काढलंच नाही.

पेटी शेवटी आबांच्या ओट्यावर गेली. उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला लागून, ताडपत्रीत गुंडाळून. आणि पेटी बाहेर म्हणून आबांनी आपली खाटही बाहेर काढली. आमचा टेम्पो निघाला तेव्हा ते खाटेवर बसले होते. हात वगैरे हलवला नाही. "शनीच्या शिंगनापुरात ऱ्हायला आसतो तर राखन तरी करावी लागली नसती," एवढंच म्हणाले.

गेल्या महिन्यात एका सकाळी नगरच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात आबा. कर्जतहून पहिल्या एसटीने आलेले. बसले, पाणी प्याले, आणि पिशवीतून एक चाकू काढून फरशीवर ठेवला. मुठीवर आंब्याची पानं कोरलेली. त्याच्या शेजारी कागदात गुंडाळलेलं कापड ठेवलं. हिरवं, तांबड्या काठाचं, वीतभर.

"वैनी, ह्याला खोळ पायजे."

सुमनने माझ्याकडे बघितलं. शपथ घेणारी ती, शपथ घालणारी आता नाही. तिला राहवेना.

"आबा, मला शिवता येत नाही. त्या खोळी मी शिवलेल्या नाहीत."

"ठावं हाय की," आबा म्हणाले. "हाडावरनं मी जनावर सांगतो, आन तिच्या लुगड्याचा काठ मला कळत न्हाई व्हय? ह्ये लुगडं मीच आनलेलं, नगरवरनं."

"मग इतकी वर्षं माझं कौतुक कशाला करत होतात?"

"तुमचं कुटं करत हुतो वैनी?" आबांनी चाकूची मूठ अंगठ्याने पुसली. "दुसऱ्या दिवशी तुमी तिला सांगायचा न्हवं, आबा आसं आसं म्हनले म्हनून?"

सुमनने पदर डोळ्यांना लावला. कारण खरंच ती प्रत्येक वेळी सांगायची. आणि गयाबाई म्हणायच्या, "त्यांना काय कळतंय," आणि त्या दिवशी थोड्या जास्त वेळ बसायच्या.

"मग ही कोण शिवणार?" मी विचारलं.

"मी शिवतो. यील तसं." आबांनी खिशातून दोऱ्याचं रीळ आणि सुई काढली. सुई फरशीवर ठेवली आणि हळूच सुमनच्या बाजूला सरकवली. "तेवडी सुई ओवून द्या वैनी. मला दिसत न्हाई, आन घरात दुसरं कोन न्हाई."