गुलाबी रक्ताचं जंगल

एका जंगलात, मुलांनो, वाघोबांच्या कृपेने एक दवाखाना निघाला होता. त्यात तातडीचा विभागही होता. तातडी म्हणजे सगळ्यांनी पळायचं आणि कुठे ते विचारायचं नाही.

तिथे रक्त काढायचं काम काटेताई साळिंदरीकडे होतं. हात मोठा झपाट्याचा. पेशंटला सलाईनची सुई टोचायची, तिलाच सिरिंज लावायची आणि सर्रकन रक्त ओढायचं. मग ते नळीत जोरात सोडायचं, खोकल्याच्या औषधासारखी नळी खळाखळा हलवायची आणि वानराच्या हाती द्यायची. वानर फांद्याफांद्यांवरून उड्या मारत प्रयोगशाळेत पोचायचं.

प्रयोगशाळेत बगळेसाहेब होते. ते नळी उजेडात धरायचे. रक्त खाली बसलं की वर पिवळसर पाणी दिसायला हवं. दिसायचं गुलाबी.

"रक्त फुटलंय. पुन्हा काढा," एवढंच ते म्हणायचे.

एके दिवशी भेकरराव आले. छाती वेडीवाकडी धडधडत होती. भेकरीण रडवेली झाली होती.

"ताई, वाचतील ना हो हे?"

"रक्तातला क्षार वाढलाय की घटलाय, तेवढं कळू दे. लगेच औषध देतील."

नमुना गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत. भेकररावांच्या पायाची चाळणी झाली. काटेताईचं डोकं फिरलं. ती तडक प्रयोगशाळेत गेली.

"साहेब, आमच्याशी तुमचं वैर काय आहे?"

"वैर कसलं, बाई! तुमच्या ओढाताणीत रक्तातल्या पेशी फुटतात. त्यांच्यातला क्षार बाहेर सांडतो आणि उगाच वाढलेला दिसतो. उलटं औषध दिलं तर भेकरराव जातील. दुसरी शीर घ्या, हळू ओढा, नळी अलगद उलटीपालटी करा. आणि त्या वानराला जरा जमिनीवरून चालायला सांगा."

काटेताईला फार लाज वाटली. एवढंसंच तर करायचं होतं!

पण तोवर तक्रार वाघोबांपर्यंत पोचली होती. गेंड्याच्या अध्यक्षतेखाली समिती बसली.

"फार नमुने खराब ठरतात. ठरवतं कोण?"

"बगळा, अध्यक्षमहाराज."

"मग अडचण कुठे आहे ते दिसतंच आहे."

बगळेसाहेबांची बदली तळ्यावर झाली. त्यांच्या जागी रोहित पक्षी आले. चोचीपासून पायापर्यंत गुलाबी, आणि त्याचा अभिमानही तेवढाच. येणारी प्रत्येक नळी पाहून ते म्हणाले, "वा! काय सुरेख रंग!" खराब नमुने त्याच दिवशी संपले. वाघोबांनी पेढे वाटले.

काटेताईने पेढा बाजूला ठेवला. भेकररावांची नवी शीर शोधली. श्वास रोखून हळूहळू रक्त काढलं आणि नळी स्वतः चालत नेली. वर स्वच्छ पिवळसर पाणी दिसत होतं. तिला इतका आनंद झाला की अंगावरचे काटे खुळखुळले.

रोहितसाहेबांनी तोंड वाकडं केलं. "शी! हा कसला रंग? खराब. पुन्हा काढा."

"अहो, हाच खरा रंग!"

"अख्ख्या जंगलाचा गुलाबी आणि तुमचाच तेवढा खरा?"

त्यांनी भेकररावांची जुनी गुलाबी नळी काढली, तपासली आणि वानराच्या हाती निकाल धाडला: क्षार भरमसाट.

वानर फांद्यांवरून गेलं. काटेताई जमिनीवरून जिवाच्या आकांताने पळाली. ती पोचली तेव्हा क्षार उतरवायचं औषध देऊन झालं होतं. भेकररावांची छाती आता अजिबात धडधडत नव्हती.

भेकरिणीने डोळे पुसले. "ताई, शेवटचं रक्त तरी चांगलं निघालं होतं का हो?"

"चांगलं होतं गं," काटेताई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "म्हणून तर परत आलं."

तात्पर्य: मुलांनो, चूक सुधारायची तर स्वतःचा हात बदलावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. त्यापेक्षा चूक दाखवणारा बदलावा. ते काम चहाच्या सुट्टीत उरकतं, वर पेढेही मिळतात.